दोन खोरी, चौऱ्याहत्तरचा फरक

१२ जानेवारी २०२६, सोमवार. सकाळी ७

ताण दिलाच नाही, तर दोन खोऱ्यांची खोली वेगळी कशी झाली?

मला माहीत नाही.

इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही. बाकी सगळीकडे मी याला ‘रोचक निरीक्षण’ म्हणणार आहे.

इंदूरच्या संस्थेचा मेल काल आला. २९ तारखेला, गुरुवारी, अकरा वाजता मुलाखत. पीएचडीची एकच जागा. दीडशेच्या आसपास अर्ज होते, सहा जणांना बोलावलंय. मला माझ्या एका पानाच्या सारांशामुळे बोलावलं, असं निरंजन सरांनी स्वतः लिहिलंय. सर त्या विभागाचे प्रमुख. पोस्टर करून न्यायचं आहे.

घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. आबांना मेल बघायचाच होता. इंग्रजी आहे म्हटलं तरी फोन हातात घेऊन शेवटपर्यंत सरकवला आणि विचारलं, यात सही कुठे आहे?

संकल्प: शून्य ताणाचं कॅल्क्युलेशन उद्याच पहिल्यापासून परत करायचं. अकरा तास लागतात. लागू देत.

१३ जानेवारी, मंगळवार

लाईट दोनदा गेली. लॅपटॉप बारावीला मिळालेला, बॅटरी मेलेली, वायर लावली तरच चालतो. अशा परिस्थितीत अकरा तासांचं काम सुरू करणं बेजबाबदारपणाचं ठरेल. उद्या.

त्याऐवजी विषय साध्या मराठीत लिहून काढला. हेही महत्त्वाचं काम आहे.

एकाच थराचा पदार्थ. व्हॅनेडियम, सेलेनियम, ऑक्सिजन. वरून बघितलं तर चौकडीच्या गमछ्यासारखा. व्हॅनेडियमचा प्रत्येक अणू म्हणजे एक बारका चुंबक. निम्मे वर तोंड करून, निम्मे खाली. बेरीज शून्य, म्हणून बाहेरून चुंबकत्व दिसत नाही. आतल्या इलेक्ट्रॉनांना मात्र ते जाणवतं. ते ऊर्जेच्या दोन खोऱ्यांत बसतात, एका खोऱ्यात वर-वाले, दुसऱ्यात खाली-वाले. चौकडी चौकोनी असेल तर दोन्ही खोरी सारखीच खोल. एका बाजूनं ओढली, म्हणजे ताण दिला, की एक खोरं जास्त खोल होतं आणि इलेक्ट्रॉन तिकडे धावतात. नुसतं ओढून खोरीही ताब्यात आणि चुंबकही ताब्यात. इथपर्यंत जगाला माहीत आहे.

माझा शोध असा, की न ओढतासुद्धा चौऱ्याहत्तर मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टचा फरक पडतो. शून्य ताण. आपोआप.

वाचून मलाच भरून आलं.

१४ जानेवारी, संक्रांत

सणाच्या दिवशी कॅल्क्युलेशन नको. आईला पाण्याची मोटर लावायची होती, त्याच प्लगवर.

१५ जानेवारी, गुरुवार

कॉलेजातून वैजयंती मॅडमचा फोन. एम.एस्सी.चं प्रोजेक्ट मी त्यांच्याकडे केलं. हा निकाल मात्र त्यानंतरचा, माझा एकटीचा. त्यांना सारांश मी पाठवला होता, अभिनंदनासाठी.

अभिनंदन केलं. मग म्हणाल्या, अगं चारू, तुझा चौकोन पाव फेरा फिरवला की एक खोरं दुसऱ्याच्या जागी जाऊन बसतं ना? मग दोघांत भेदभाव करतंय कोण? मी म्हटलं, तोच तर शोध आहे, मॅडम. त्यांच्या मागे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाल्या, एकदा इनपुट फाइल उघडून बघ बाळा, पाच मिनिटांचं काम आहे.

मॅडम अठरा वर्षं तोच अभ्यासक्रम शिकवतायत. नवीन गोष्ट पचायला वेळ लागतो. माझा राग नाही.

फाइल उघडून बघायला खरंच पाचच मिनिटं लागतात. म्हणूनच घाई करायचं कारण नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार. दुपारी

निरंजन सरांचा मेल! दोन ओळी. निकाल फारच आश्चर्यकारक आहे. येताना सगळ्या इनपुट फाइली सोबत आणा.

‘फारच आश्चर्यकारक.’ बाकीच्या पाच जणांना असं लिहिलं असेल? शक्यच नाही. माणसाला किती उत्सुकता असावी, की फाइलीसुद्धा स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या आहेत.

सकाळचं ताट तसंच परत केलं. तिळाचे लाडू जास्त झाले.

१८ जानेवारी, रविवार

आईचं हळदीकुंकू. मला साडी नेसवून मधोमध बसवलं. आई प्रत्येक बाईला कुंकू लावताना सांगत होती, आमच्या चारूनं शोध लावला, इंदूरवाल्यांनी बोलावलंय.

शेजारच्या मथुरामावशींनी विचारलं, काय वं, मग ते कशाले लागतं? मिक्सरमध्ये? मी म्हटलं, मावशी, पुढे-मागे याच्यावर कॉम्प्युटर चालतील, वीज फार कमी लागेल. त्या म्हणाल्या, मग बिल कमी येईल म्हण ना, सरळ सांगत जा की. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, पोरीनं बिल कमी करायचं मशीन काढलं. चार जणींनी नंबर घेतला.

मी खुलासा केला नाही. विज्ञानाविषयी समाजात सद्भावना निर्माण होणं महत्त्वाचं.

मथुरामावशींनी निघताना विचारलं, दुसऱ्यांदा करून पाहिलं ना पण? मी तर पापडसुद्धा एक तळून पाहिल्याशिवाय बाकीचं पीठ लाटत नाही. मी म्हटलं, होय मावशी.

म्हणजे करणारच आहे. उद्या.

१९ जानेवारी, सोमवार

यादव सरांच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवायची जागा आहे. माझ्यासाठी त्यांनी दोन महिने ती कोणाला दिली नाही. उद्यापर्यंत हो-नाही सांग म्हणाले, नाहीतर दुसरी मुलगी तयार आहे.

मी आजच ‘नाही’ कळवलं. दोन पानी पत्र. त्यात ‘मूलभूत संशोधनाची हाक’ हे शब्द आहेत. यादव सरांनी फोन करून विचारलं, बेटा, म्हणजे नाही ना? पत्रातून नीट समजलं नाही.

आबांनी विचारलं, इंदूरचं पक्कं झालं का? मी म्हटलं, जवळजवळ. त्यांनी विचारलं, जवळजवळ म्हणजे? मी निरंजन सरांचा मेल वाचून दाखवला. आश्चर्यकारक हा शब्द दोनदा. आबांचा चेहरा खुलला. संध्याकाळी मावा जिलेबी घेऊन आले आणि कारखान्यातल्या सगळ्या पाळीला वाटून आले.

मी जिलेबी खाल्ली नाही. अजून लाडूच बाधतायत.

२१ जानेवारी, बुधवार

शेवटी कॅल्क्युलेशन सुरू केलं! सकाळी सहाला. नव्या कोऱ्या फोल्डरमध्ये, जुन्याकडे न बघता. दुपारी दोनपर्यंत लाईट गेली नाही. आठ तास झाले. अजून तीन.

दोनला लक्षात आलं, की पोस्टरची फाइल आज दिली नाही तर २६ जानेवारीच्या गर्दीत फ्लेक्स वेळेवर मिळणार नाही. एका लॅपटॉपवर दोन्ही चालत नाही. कॅल्क्युलेशन बंद केलं.

प्राधान्यक्रम ठरवता येणं हे संशोधकाचं पहिलं लक्षण.

बंद करताना हात थोडा जास्तच चटकन गेला, असं वाटलं. थंडी आहे.

२२ जानेवारी, गुरुवार

गावातल्या शनवारा चौकाजवळ तुषारभाऊंच्या दुकानात फाइल दिली. दुकानभर झेंडे आणि नेत्यांचे नमस्कार. भाऊंनी माझं चित्र स्क्रीनवर मोठं केलं आणि विचारलं, दीदी, ये टाइल्स का है क्या? मी म्हटलं, अणू आहेत. ते म्हणाले, अच्छा, मग ग्लॉसी छापतो.

मधोमध दहा बाय दहा चौकटींची जाळी, लाल-निळे बाण, आणि खाली ठळक अक्षरांत ‘शून्य ताण’. शनिवारी मिळेल.

२४ जानेवारी, शनिवार. दुपारी ४

फ्लेक्स आला. भिंतीवर खिळे मारून टांगला. काय दिसतोय! आईनं हात जोडले. सवयीनं.

आबा पाळी संपवून आले. लिहायलाच हवं, की आबा पॉवरलूमवर घडी खात्यात आहेत. तयार कापड त्यांच्या हाताखालून जातं, बहुतेक चौकडीच्या लुंग्या आणि गमछे. बाकीचे भिंगातून धागे मोजतात, आबांना दोष लांबूनच दिसतो.

ते उंबऱ्यातच थांबले. चपला काढल्या नाहीत. म्हणाले, चौकडी लांबलीये.

मी विचारलं, म्हणजे? ते म्हणाले, उभ्याला ओढ बसलीये, लुंगी असती तर सेकंडात, खराब मालात, टाकली असती. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, मला काय कळतं म्हणा, तुमचं वेगळं असेल.

मी म्हटलं, आबा, हे कापड नाहीये. ते म्हणाले, तेच म्हटलं ना मी.

पण बाजेवरची टेप घेऊन आलेच. दहा चौकटी आडव्या, साडेसत्तेचाळीस सेंटिमीटर. दहा चौकटी उभ्या, पन्नास. दोनदा मोजलं. टेपचं टोक मीच धरलं होतं.

तुषारभाऊंनी चित्र ताणलं. दुसरं काय असणार. फ्लेक्सवाल्यांची सवयच असते, जागा उरली की ओढायचं.

२५ जानेवारी, रविवार

दुकानात जाऊन भांडले. चांगलंच. म्हटलं, तुम्हाला कल्पना आहे का, या चौकोनावर एका माणसाचं भविष्य अवलंबून आहे? तुषारभाऊंच्या हातात एका नगरसेवकाचं डोकं होतं, ते कापता कापता म्हणाले, दीदी, मशीन कुछ खींचती-वींचती नहीं. फाइल में जो है वोच आता है. मी म्हटलं, मग फोटोतली माणसं जाड का दिसतात? ते म्हणाले, क्यूं की वो जाड हैं.

शेवटी वैतागून त्यांनी परत छापून दिलं, फुकट. माझ्यासमोर एक गोल वर्तुळ काढून तेही सोबत छापलं. वर्तुळ सगळीकडून गोल आलं. मोजलं.

चौकडी साडेसत्तेचाळीस आणि पन्नास.

म्हणजे चित्र काढायच्या सॉफ्टवेअरचा दोष. वरून बघताना कोन थोडा तिरका राहिला असणार. तिरकं बघितलं की एक बाजू आखूड दिसते. अगदी साधं आहे. उगाच भाऊंना बोलले.

२६ जानेवारी, सोमवार. सकाळी

आबा झेंडावंदनाला कारखान्यात गेले. तिथे मालकांनी त्यांना पुढे बोलावून सगळ्यांना सांगितलं, की यांची मुलगी शास्त्रज्ञ होणार. आबांनी घरी येऊन हे सांगितलं नाही. मथुरामावशींनी सांगितलं. त्यांच्या मुलानं, सुपडूनं पाहिलं, तो तिथेच लूम चालवतो. म्हणे आबा रडले.

दुपारी

सॉफ्टवेअरमधला कोन तपासला. नव्वद. अगदी सरळ वरून.

मग टेपच चुकीची असेल. घरातली टेप जुनी आहे, उन्हात पडलेली असते.

कंपासपेटीतल्या पट्टीनं मोजलं.

दुपारी ४

आता फक्त फाइल उरली. पाच मिनिटांचं काम.

उघडणार नाही. कारण असं: मुलाखतीला तीन दिवस राहिलेत, या टप्प्यावर मन विचलित होणं योग्य नाही. अनुभवी लोक परीक्षेच्या आधी पुस्तक मिटतात. शिवाय पाच टक्के म्हणजे काय? बाजारात किलोला एवढं तर सगळेच मारतात. आणि कोण मोजणार आहे तिथे टेप घेऊन?

सर फाइली आणा म्हणालेत.

सर मोजणार.

संध्याकाळी ६

आईनं विचारलं, तोंड का असं झालं? लाडू, म्हटलं. ती म्हणाली, लाडू तर बुधवारीच संपले.

२७ जानेवारी, मंगळवार. सकाळी ९.१०

उघडली.

पहिल्या ओळीत ३.९. दुसऱ्या ओळीत ४.१ च्या जवळपास. फोल्डरचं नाव ‘शून्य’. आतली चौकडी पाच टक्के उभी ओढलेली.

आठवलं. लगेच आठवलं, म्हणजे बहुतेक विसरलेच नव्हते. मे महिन्यात ताणांची मालिका चालवत होते. उणे पाचपासून अधिक पाचपर्यंत. शून्याच्या वेळेला लाईट गेली आणि तो निकाल अर्धवट राहिला. मी कंटाळून शेवटचा, अधिक पाचचा फोल्डर कॉपी केला, नाव बदलून ‘शून्य’ ठेवलं, आतले आकडे बदलायचे होते, तेवढ्यात आईनं केळीचे घड उतरवायला हाक मारली. मामांच्या मळ्याची गाडी आली होती. परत आले ती थेट चालवूनच टाकलं.

म्हणजे चौकडी ओढली तर खोरं खोल होतं. हे जगाला माहीत आहे. मी इथे तेरा तारखेला स्वतःच लिहिलंय.

९.४०

एक विचार आला. सारांशातला ‘शून्य’ शब्द काढून ‘अल्प’ टाकला तर? अल्प ताण. पाच टक्के अल्पच की. आणि फाइली न्यायला विसरले म्हणायचं. पेनड्राइव्ह बसमध्ये हरवतातच.

हे मी लिहिलंय. खोडणार नाही. बघू दे मलाच.

१०.०५

खऱ्या शून्याचं कॅल्क्युलेशन सुरू केलं. दोन्ही ओळींत ३.९. टाकल्यावर तीनदा वाचलं. एकदा मोठ्यानं.

रात्री ९.१५

अकरा तास. लाईट एकदाही गेली नाही. एकदासुद्धा नाही.

फरक: शून्य. दोन्ही खोरी अगदी सारखी. दशांशाच्या चौथ्या घरापर्यंत.

२८ जानेवारी, बुधवार. सकाळी

यादव सरांना फोन केला. सहज, तब्येत विचारायला. ते म्हणाले, दुसरी मुलगी गुरुवारपासून रुजू झाली, फार चांगली शिकवते, मुलं खूष आहेत. मी म्हटलं, वा.

मेलचा पहिला मसुदा: दोन पानं. ‘तांत्रिक कारणांमुळे’, ‘या भागातील विजेची अनियमितता’, ‘मर्यादित साधनसामग्री’, ‘तथापि’. वाचताना असं वाटत होतं, की चूक वीज मंडळानं केली आणि मी ती मोठ्या मनानं माफ केली.

दुसरा मसुदा: दीड पान. केळीचे घड होते.

दुपारी

तिसरा: यात मी एवढी प्रामाणिक होते, की शेवटी जागा मलाच द्यायला हवी असं वाटत होतं. फाडला. म्हणजे डिलीट केला.

वैजयंती मॅडमना फोन केला. म्हटलं, मॅडम, भेदभाव कोणीच करत नव्हतं. त्यांनी विचारलं, किती टक्के? मी म्हटलं, पाच. त्या म्हणाल्या, मोठाच ताण आहे गं. मग म्हणाल्या, मला पंधरा तारखेलाच वाटलं होतं, पण तू इतकी खूष होतीस. मी म्हटलं, मग सांगायचं ना स्पष्ट. त्या म्हणाल्या, सांगितलं की, फाइल उघड म्हणून. यापेक्षा स्पष्ट आम्हाला फिजिक्समध्ये बोलता येत नाही.

संध्याकाळी ६.३०

आबांना सांगायचं होतं. कारखान्यातून आले, हातपाय धुतले. मी म्हटलं, आबा, चौकडी खरंच लांबली होती. फाइलमध्येच. ते म्हणाले, हं. मी म्हटलं, आता सरळ करून परत पाहिलं. त्यांनी विचारलं, मग काय आलं? मी म्हटलं, दोन्ही खोरी सारखी आली. ते म्हणाले, मग बरोबर आलं की! आणि चहा मागितला.

बरोबर आलंय, पण बरोबर तर सगळ्यांचंच येतं, त्यासाठी इंदूरला कोणी बोलावत नाही, हे त्यांना समजावता समजावता चहा निवला. आबांनी कप खाली ठेवला. फ्लेक्सकडे बघितलं. मग हळूच विचारलं, जिलेबी वाटली त्याचं काय करायचं? मी म्हटलं, मी येते तुमच्यासोबत कारखान्यात, मी सांगते. ते म्हणाले, तू नको. मग म्हणाले, बरं, ये.

आईनं विचारलं, मग हा पडदा लागणार नाही ना? उन्हाळ्यात कूलरवर टाकायला होईल, ग्लॉसी आहे, पाणी धरणार नाही.

७.४०

चौथा मसुदा. पाच ओळी.

सर, माझ्या सारांशातला मुख्य निकाल चुकीचा आहे. ज्या फाइलला मी शून्य ताण म्हटलं, ती पाच टक्के ताणलेली होती. मी ती कॉपी केली होती आणि आठ महिने तपासली नाही. खऱ्या शून्याला फरक शून्य येतो, फाइल जोडली आहे. मला या निकालामुळे बोलावलं होतं, म्हणून मुलाखतीची जागा दुसऱ्या कोणाला द्यायची असेल तर आज कळवावं, नाहीतर मी उद्या हीच गोष्ट सांगायला येते.

शेवटच्या वाक्यात ‘नम्रपणे’ घातलं होतं. काढलं.

जोडलेली फाइल पाठवण्याआधी उघडून बघितली. दोन्ही ओळी वाचल्या. मॅडमना प्रत. नऊ मिनिटांपूर्वी, ७.३१ ला, पाठवला.